नेक्रोमॅन्सरला मराठीत काय म्हणावं?

अबोली
न्यूझीलंडच्या टॅमसिन म्यूर यांच्या 'गिडियन द नाइन्थ' (२०१९) या कादंबरीवर मराठीत लिहायला घेतलंय. पुस्तक मनापासून आवडलं. नऊ घराणी, प्रत्येकाची मृतांवर चालणारी विद्या वेगळी. नवव्या घराण्यातल्या दोन मुली, तलवार चालवणारी गिडियन आणि हाडांतून सांगाडे उभे करणारी हॅरो, लहानपणापासून एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. त्यांनाच जोडी म्हणून एका जुन्या, पडक्या वाड्यात परीक्षेला जावं लागतं. गिडियनला बायका आवडतात, हे पुस्तक सुरुवातीपासून धरूनच चालतं. कोणी तिला जाब विचारत नाही, ती कोणाला समजावत बसत नाही. त्या दोघींचं वैर हळूहळू ज्यात बदलतं त्यावर लेखिका सोपी चिठ्ठी चिकटवत नाही, हे मला सगळ्यांत भावलं.

अडलंय ते असं : हॅरो ही पुस्तकातली नेक्रोमॅन्सर, म्हणजे मृतांवर विद्या चालवणारी. तिच्यासाठी मी 'मांत्रिक' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्याचं म्हणणं, मांत्रिक भूत उतरवतो, ही तर मेलेल्यांना उठवते, 'चेटकीण' लिही. चेटकीण मला अजिबात पटत नाही. काय लिहावं? आणि तिच्या सोबतीला तलवार घेऊन असणाऱ्या 'कॅव्हलियर'ला, म्हणजे इथे गिडियनला?

टिपणवही
'मांत्रिक' चुकतो, पण कारण वेगळं. मराठीत मूठ मारणारा आणि ती उतरवणारा, दोघेही मांत्रिकच. अडचण मंत्राची आहे. या कादंबरीत पुटपुटणं जवळजवळ नाही. विद्येच्या पायरीला तिथे 'थिअरम' म्हणतात, म्हणजे प्रमेय. ती पोथ्यांतून शिकायची, पडताळायची, चुकली की दुरुस्त करायची. जिवंत पेशींत एक ऊर्जा, मरण आल्यावर तिची होते दुसरी, आणि ही दुसरी वापरून काम करायचं. म्हणूनच अंतराळात, जिथे काही जगत नाही आणि मरतही नाही, तिथे हॅरोच्या हातात बळ उरत नाही. ताकदीबाहेर काम केलं की तिला रक्ताचा घाम फुटतो. मंत्र चुकल्यावर देव कोपतो तसला हा प्रकार नाही, इंधन संपण्याचा आहे.

'तांत्रिक' म्हणाल तर आजच्या मराठीत त्याच्यापुढे 'अडचण' किंवा 'शिक्षण' येतं. 'भूतविद्या' हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. तिथे बाधा झालेल्या रोग्यावर उपचार करायचे असतात, म्हणजे दिशाच उलटी.

पारिजात
मूळ शब्द बघा. ग्रीक 'नेक्रोस' म्हणजे मृत, 'मान्तेइआ' म्हणजे भविष्य सांगणं. मेलेल्याला बोलावून प्रश्न विचारणं, एवढाच अर्थ. 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याच्या अकराव्या सर्गात कृती दिली आहे : हातभर लांब, हातभर रुंद खड्डा खणायचा, त्यात आधी मध घातलेलं दूध, मग गोड मद्य, मग पाणी, वरून जवाचं पीठ, शेवटी मेंढ्यांचं रक्त. रक्त प्यायल्याशिवाय मृतांच्या सावल्या नीट बोलत नाहीत, आणि नको त्या सावल्या आधी पिऊ नयेत म्हणून ओडिसियस तलवार उपसून बसतो. पुढे मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'नेक्रो'चं 'निग्रो' झालं आणि ही 'काळी विद्या' ठरली. सांगाड्यांच्या फौजा फारच अलीकडच्या.

या अर्थाने कादंबरीतलं खरं नेक्रोमॅन्सर घराणं पाचवं, कारण आत्म्यांशी बोलणं हे त्यांचं काम. मराठीत त्या क्रियेला चालू शब्द आहे : प्लँचेट. हॅरोला मात्र तो लागू नाही.

गावकूस
'मसणजोगी' का नको? मसण आलं, जोग आला, कानालाही बरा.

टिपणवही
नको, कारण मसणजोगी ही महाराष्ट्रातली खरीखुरी भटकी जमात आहे, शासनाच्या यादीत आहे. त्यांच्या नावाने सांगाडे उठवणारं पात्र रंगवायचं नाही. 'भगत', 'घाडी' यांनाही हेच. घाडी तर लोकांची आडनावं आहेत.

कोकणकडा
हॅरो काय करते ते आधी नीट पाहा. हाडाचा बारीकसा तुकडा टाकते, त्यातून अख्खा सांगाडा उभा राहतो आणि सांगेल ते करतो. घरच्या शेतात राबणारेही सांगाडेच. म्हणजे हा चाकर. कोकणात अशा राबवून घेतलेल्या भुतांना शब्द आहेत : 'चेडा', 'बायंगी'. बायंगी तर विकत आणतात, पाळतात, आणि तिचं देणं चुकलं की ती घरावर उलटते, असं मानतात. माझ्या मते 'चेटूक' याच कुळातलं. संस्कृतात 'चेट' म्हणजे नोकर, 'मृच्छकटिका'त शकाराचा चेट आहेच. तेव्हा चेटूक म्हणजे चाकर करून घेण्याची विद्या. त्या अर्थाने 'चेटकीण' इतका बरोबर शब्द दुसरा नाही.

पारिजात
चेट आणि चेटूक यांचा आवाज जुळतो, एवढ्यावर कूळ ठरत नाही. मधल्या काळातले दाखले हवेत.

अबोली
व्युत्पत्ती खरी असली तरी मला तो शब्द चालणार नाही. चेटकीण म्हटलं की नाक वाकडं, केस मोकळे, गावाबाहेरची बाई. पुरुषाला त्याच वजनाचा शब्द नाही. या कादंबरीत नेक्रोमॅन्सर बाई असो की पुरुष, शब्द एक, मान एक. कॅव्हलियरचंही तेच. गिडियनने बाईवर जीव टाकणं त्या जगात साधी गोष्ट आहे, ती याच भाषेमुळे. मी '-ईण' लावली की ते सगळं ढासळतं. मला 'आला' आणि 'आली' दोन्ही पेलणारा शब्द हवाय. 'डॉक्टर आली', 'वकील आली' चालतं तसा.

नवशब्द
मग 'प्रेतसाधक' घ्या. संस्कृत धातू, अर्थ स्वच्छ, कोणालाही कळेल. हाडांपुरतं म्हणायचं तर 'अस्थिसाधक'. परके शब्द जसेच्या तसे घ्यायचे तर मराठीत लिहायचं कशाला?

टिपणवही
'साधक' म्हटलं की वाचक 'साधिका' शोधणार, अबोलींची अडचण तिथेच राहिली. शिवाय शवसाधनेत साधक शवाच्या पाठीवर बसून जप करतो. शव तिथे आसन आहे, ते राबत नाही. 'प्रेत'ही दुहेरी : मराठीत मढं, धर्मशास्त्रात दहनानंतर सपिंडीपर्यंतचा आत्मा. हॅरोचा संबंध फक्त हाडाशी.

गावकूस
शुक्राचार्यांची संजीवनी? कचाला राखेतून उठवलंच की. खाडिलकरांचं 'विद्याहरण' १९१३ पासून मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे.

पारिजात
संजीवनीने कच कच म्हणूनच परत येतो, जिवंत, हसताबोलता. हॅरोच्या सांगाड्यात कोणी नसतं. हा फरक पुसला तर कादंबरीतलं दुःखच पुसलं जाईल. मेलेलं माणूस परत आणता येत नाही, यावर सगळा डोलारा उभा आहे.

नवशब्द
तुम्ही प्रत्येक शब्दाला नकार देता आणि शेवटी इंग्रजीच ठेवणार. हे आधीच ठरलेलं दिसतंय.

अबोली
ठरलेलं नाही. पण 'नेक्रोमॅन्सर' पहिल्यांदा आला की एका वाक्यात उलगडायचा, पुढे तसाच ठेवायचा, हा मार्ग मला आत्ता तरी कमी वाईट वाटतो. 'व्हॅम्पायर' असाच रुळला.

दांडपट्टा
कॅव्हलियरबद्दल कोणीच बोललं नाही. 'शिलेदार' लिहा, दुसरा शब्द शोधू नका. 'शिलेदार आली' कानाला खटकत नाही. स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार; सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर.

गावकूस
शील असलेला म्हणून शिलेदार, शपथ पाळणारा. छान बसतो.

दांडपट्टा
शीलाचा काही संबंध नाही. अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्याला फारसी 'दार' लागला. गंमत अशी की 'कॅव्हलियर'च्या मुळात घोडा आहे, शिलेदाराच्या मुळात नाही. आणि कादंबरीतही घोडे नाहीत, तलवारी आहेत.

तलवारीचंही सांभाळा. गिडियनचं प्रेम दोन हातांनी पेलायच्या जड तलवारीवर, पण कॅव्हलियरला रीत म्हणून 'रेपियर' घ्यावी लागते. सगळीकडे 'तलवार' लिहिलं तर तिचं हे दुःखच कळणार नाही. रेपियरला 'किरच' लिहा : सरळ, अरुंद, भोसकायची. जडीला 'खांडा'. 'धोप' नको, ती सरळ असली तरी एका हाताची.

कोकणकडा
खांडाही मुळात एका हाताचाच. मुठीमागे जो दांडा असतो, तो धरून जोराचा घाव घालताना दुसरा हात लावतात, एवढंच.

दांडपट्टा
म्हणूनच खांडा म्हणतोय. दुसरा हात लावायची सोय असलेलं आपल्याकडचं दुसरं पातं सांगा.

नवशब्द
'सिलाह' अरबी, 'दार' फारसी, तरी शिलेदार तुम्हाला मराठी वाटतो, आणि संस्कृतातला प्रेतसाधक परका? हा न्याय कुठला?

दांडपट्टा
वापराचा. शिलेदार बखरींत आहे, पोवाड्यांत आहे, लोकांच्या आडनावांत आहे. प्रेतसाधक या धाग्याबाहेर कुठे वाचलाय ते दाखवा.