‘जर्मिनल सेंटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: लसींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘जर्मिनल सेंटर’ पदोपदी येतं. जननकेंद्र, अंकुरणकेंद्र, बीजकेंद्र असे पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एका जुन्या मसुद्यात तर ‘जंतुकेंद्र’ लिहिलंय. कुठला शब्द घ्यावा?

प्रतिसाद: ‘जंतुकेंद्र’ आधी काढून टाका. वाचणाऱ्याला वाटेल, तिथे रोगजंतू साठतात. हे नाव मूळचं जर्मन आहे. १८८०च्या दशकात वाल्थर फ्लेमिंग यांनी लसिकाग्रंथींत भराभर विभागणाऱ्या पेशींचे गोल पुंजके पाहिले आणि लिंफोसाइट (रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) इथेच तयार होतात असं मानून त्यांना ‘काइमत्सेंट्रुम’ म्हटलं. ‘काइम’ म्हणजे कोंब. विभाजन त्यांनी बरोबर टिपलं होतं, पण बी-पेशी, म्हणजे पुढे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणारे लिंफोसाइट, जन्मतात अस्थिमज्जेत. या पुंजक्यांत त्या येतात त्या पुढच्या घडणीसाठी. म्हणून ‘जननकेंद्र’ मला पटत नाही, शिवाय त्याने जननसंस्थेची आठवण होते ती वेगळीच. माझं मत ‘अंकुरणकेंद्र’.

प्रश्नकर्ती: घडण म्हणजे नेमकं काय? ते कळल्याशिवाय मला शब्द ठरवता येणार नाही.

प्रतिसाद: बरोबर आहे. लसिकाग्रंथी, प्लीहा, टॉन्सिल यांत बी-पेशींच्या वस्त्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. एखाद्या बी-पेशीला आपल्याशी जुळणारा प्रतिजन (जंतूचा किंवा लसीचा ओळखता येणारा अंश) भेटला की ती फॉलिकलच्या कडेला जाऊन टी-पेशीची (दुसऱ्या प्रकारच्या लिंफोसाइटची) मदत मिळवते, मग आत परतून विभागू लागते. आठवड्याभरात तिच्या वंशजांचा गोळा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. आधीपासून तिथे असलेल्या बी-पेशी बाजूला सरकून त्याभोवती कडं करतात.

या गोळ्याचे दोन भाग असतात. एका भागात पेशी विभागतात आणि त्याच वेळी एआयडी नावाचं एन्झाइम त्यांच्या प्रतिपिंडाच्या जनुकांत बदल घडवतं. दर विभाजनाला डीएनएच्या साधारण हजार अक्षरांमागे एक बदल, म्हणजे एरवीच्या जवळपास दहा लाख पट! हे बदल आंधळे असतात. काहींनी प्रतिपिंड प्रतिजनाला अधिक घट्ट धरतं, बऱ्याच बदलांनी काही फरक पडत नाही किंवा बिघाडच होतो. मग पेशी दुसऱ्या भागात जातात. तिथल्या फॉलिक्युलर डेंड्रायटिक पेशींनी आपल्या पृष्ठभागावर प्रतिजन धरून ठेवलेला असतो. ज्या बी-पेशीची पकड चांगली, ती जास्त प्रतिजन ओढून घेते, त्याचे तुकडे टी-पेशीला दाखवते आणि तिच्याकडून जगण्याचा संकेत मिळवते. ज्यांना तो मिळत नाही त्या मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. निवडलेल्यांपैकी काही पुन्हा पहिल्या भागात जातात, काही प्लाझ्मापेशी होऊन प्रतिपिंडं सोडतात, काही स्मृतिपेशी होतात. ही ये-जा कित्येक आठवडे चालू राहते, म्हणून नंतरची प्रतिपिंडं सुरुवातीच्यांपेक्षा सरस निघतात.

दुसरा प्रतिसाद: मग ‘निवडकेंद्र’च का म्हणू नये? खरं काम निवडीचंच दिसतंय.

प्रतिसाद: निवड हे अर्धं काम झालं. बदल घडल्याशिवाय निवडायला उरणार काय? आणि इतकं लांब गेलेलं नाव पाहून वाचकाला मूळ संज्ञा ओळखू येणार नाही. अंकुरणात निदान आधीपासून असलेल्या गोष्टीने चालना मिळाल्यावर वाढू लागणं, हा अर्थ तरी आहे.

आता ज्या जोडीवर भाषांतरं सर्रास घसरतात ती: ‘डार्क झोन’ आणि ‘लाइट झोन’. वर सांगितलेला पहिला भाग डार्क, दुसरा लाइट. यांना ‘अंधारा विभाग’ आणि ‘प्रकाश विभाग’ म्हणू नका, उजेडाशी त्यांचा संबंध नाही. पहिल्या भागात पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की रंगवलेल्या काचपट्टीवर तो गडद दिसतो. दुसऱ्यात पेशी विरळ, मधे डेंड्रायटिक पेशींचं जाळं, म्हणून तो फिका. ‘गडद विभाग’ आणि ‘फिका विभाग’ लिहा.

प्रश्नकर्ती: छान! लेखात एक वाक्य आहे, सीडी४०एल या जनुकात दोष असलेल्या मुलांत जर्मिनल सेंटर बनतच नाहीत. ते असं लिहू का: ‘या मुलांच्या टी-पेशी बी-पेशींना आवश्यक तो संकेत देऊ शकत नाहीत, त्यामुळे अंकुरणकेंद्रं तयार होत नाहीत आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो’?

प्रतिसाद: चांगलं आहे. फक्त पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘अंकुरणकेंद्र, म्हणजेच जर्मिनल सेंटर’ असं लिहा. पुढे नुसतं अंकुरणकेंद्र चालेल.