बातमीत 'ट्रान्स पुरुष' कसा लिहायचा?

रात्रपाळी
नागपुरात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. परवा रात्री वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आली. नोकरभरतीच्या अर्जावरून एक ट्रान्स पुरुष कोर्टात गेला होता. म्हणजे जन्मनोंदीत मुलगी, आणि आज पुरुष म्हणून जगणारा. इंग्रजी लिहिणाऱ्याने आडनाव घेऊन घेऊन सगळी बातमी निभावून नेली होती. मराठीत पहिल्याच वाक्याला क्रियापद आडवं येतं. गेला की गेली, हे ठरवल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.
मी 'ट्रान्स पुरुष' आणि 'तो' असं लिहून पान सोडलं. सकाळी पेपर पाहिला तर मथळ्यात 'तृतीयपंथी', आणि सोबत संग्रहातला फोटो, सिग्नलवर टाळी वाजवणारे बांगड्यांचे हात. बातमी दाढी राखणाऱ्या तरुणाची होती. वरिष्ठांचं म्हणणं असं की 'ट्रान्स पुरुष' वाचकाला कळत नाही.
'तृतीयपंथी' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं, आणि त्यात हा तरुण कुठेच नाही. एका कॉलमच्या मथळ्यात मावेल असा मराठी शब्द आहे का?

कोशवेडा
आहे. 'पारलिंगी पुरुष'. पार म्हणजे पलीकडचा तीर. पारपत्रात तोच 'पार' आहे, आणि लॅटिन 'ट्रान्स'चा अर्थही पलीकडे असाच. 'कळत नाही' ही सबब मला पटत नाही. सावरकरांनी 'महापौर' शब्द दिला तेव्हा तरी तो कुणाला कळत होता? वर्तमानपत्रांनी रोज छापला म्हणून रुळला.

महाल ते बर्डी
कोशवेडा काका, 'महापौर' हे पदाचं नाव होतं. महापौरांना स्वतःला त्या शब्दाने काही दुखत नव्हतं. इथे ज्याला शब्द चिकटणार त्याला आधी विचारायला नको का?
शिवाय 'पारलिंगी पुरुष' मथळ्यात मावला नाही की डेस्कवाले त्याचा 'पारपुरुष' करणार. त्यातला एक काना घाईत सुटला की 'परपुरुष'. 'परपुरुषाची कोर्टात धाव' असा मथळा डोळ्यांसमोर आणा. स्त्रीसाठी तर थेट 'परस्त्री'. एवढा धोका असलेला शब्द रात्री अकरा वाजता कुणाच्या हाती देऊ नये.

विज्ञानशिक्षिका
सरकारी भाषेचाही आधार घेता येत नाही. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं अधिकृत हिंदी नाव 'उभयलिंगी व्यक्ति (अधिकारों का संरक्षण) अधिनियम' असं आहे, आणि तिथून 'उभयलिंगी' मराठी बातम्यांत गळून येतो. मी मुलांना जास्वंदीचं फूल उभं कापून दाखवते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात, म्हणून ते उभयलिंगी. हा शब्द शरीररचनेचा आहे. माणसाची ओळख ही वेगळी गोष्ट. त्यातच स्त्री आणि पुरुष दोघांबद्दल आकर्षण असणाऱ्यांसाठी काही जण 'उभयलैंगिक' लिहितात. तीन वेगळ्या गोष्टी, आणि बातमी वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात एकच गोळा.

जुना बातमीदार
बरीच वर्षं क्राईम बीट केली. रात्रपाळीताई, तुमचा प्रश्न नामाचा आहे, पण खरा घोळ क्रियापदात आणि सर्वनामात होतो. २०१८ मध्ये इथल्या लोकअदालतीच्या पॅनलवर ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या विद्या कांबळे बसल्या, तेव्हाच्या बातम्या काढून बघा. 'त्या', 'त्यांनी', सगळं आदराने. आणि चौकातल्या भांडणाची बातमी आली की तोच पेपर 'तो' लिहितो. कौतुक असेल तर ती स्त्री, गुन्हा असेल तर पुरुष. असं धोरण कुणी बैठकीत ठरवलेलं नसतं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'इसम नामे' असं येतं आणि आपण 'इसम'वरून 'तो' करतो.
मथळ्यातली क्रियापदंही बघा. 'तृतीयपंथीयांचा हैदोस', 'धुमाकूळ', 'उच्छाद'. हे शब्द आपण माकडांसाठी आणि शेतात शिरलेल्या हत्तींसाठी वापरतो. २०२३ मध्ये नागपूरच्या पोलिस आयुक्तांनी १४४ कलमाखाली तृतीयपंथीयांना चौकात जमायला आणि न बोलावता घरोघरी पैसे मागायला मनाई केली, तेव्हा असे मथळे भरपूर आले. आदेश बरोबर की चूक यावर मतं असतील. पण ज्यांच्यावर आदेश निघाला त्यांच्यापैकी कुणाचं म्हणणं छापायला फार कमी ठिकाणी जागा निघाली.

इतवारीकर
पण साहेब, गाडीत पैसे न दिले म्हणून अंगावर येतात तेव्हा काय लिहावं? गोंदियाच्या गाडीत माझ्या आईसमोर घडलंय. हैदोस झाला तर हैदोसच म्हणायचं.

जुना बातमीदार
चौघांनी पैसे हिसकावले असतील तर 'चौघांनी पैसे हिसकावले' असं लिहायचं. सगळ्या समाजाला षष्ठी लावून 'अमक्यांचा हैदोस' कशाला? पाकीटमार सापडला की आपण त्याची जात मथळ्यात घालतो का?

निळा सदरा
मी ट्रान्स पुरुष आहे, नागपुरातच राहतो. इतका वेळ वाचत होतो.
माझ्यावर एकदा बातमी आली होती, पेपरचं नाव सांगत नाही. वार्ताहराने पहिला प्रश्न जुन्या नावाचा विचारला, दुसरा ऑपरेशनचा. नोकरी कशी मिळवली हे मी सांगत होतो, ते त्याच्या वहीत उतरलंच नाही. छापून आलं ते असं: आधी माझं आत्ताचं नाव, मग 'ऊर्फ', मग जुनं नाव, आणि पुढे 'ही तृतीयपंथी तरुणी'. क्राईमच्या पानावर 'ऊर्फ' कुणाच्या नावात असतो ते सगळ्यांना माहीत आहे. घरमालकाने तो अंक मला दाराशी उभं राहून दाखवला. बोटही 'ऊर्फ'वरच ठेवलं होतं.
शब्द कोणता निवडता हे माझ्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर आहे. 'ट्रान्स पुरुष' चालेल, 'पारलिंगी पुरुष'ही चालेल. जुनं नाव छापू नका. एपीसारख्या जागतिक वृत्तसंस्थेच्या लेखनपुस्तिकेतही हा नियम आहे, बातमीला खरोखर गरज असल्याखेरीज जुनं नाव द्यायचं नाही. आणि 'तो' लिहा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला आहे. वार्ताहराला त्यासाठी माझं शरीर तपासायची गरज नाही.

कोशवेडा
दादा, तुमच्याशी झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. फक्त 'ऊर्फ'ची बाजू मांडतो. शब्द अरबी, मूळ 'उर्फ'. 'ज्या नावाने लोक ओळखतात ते' एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावात 'ऊर्फ बाबूराव' आहे. गुन्हेगारीचा वास त्याला नंतर लागला.

महाल ते बर्डी
काका, वास लागला ना? मग आज वाचणाऱ्याला तोच येणार. आणि तुमच्याच अर्थाने बघा. लोक दादांना आजच्या नावाने ओळखतात. मग 'ऊर्फ'च्या पुढे जुनं नाव ठेवणं हे 'ऊर्फ'च्याही अर्थाविरुद्ध झालं.

कोशवेडा
हा मुद्दा मान्य.
पण मग 'तृतीयपंथी' तरी कसा चालवून घेता? पंथ म्हणजे दीक्षा घेऊन धरलेली वाट. महानुभाव पंथ घ्या, रिद्धपूर आपल्या विदर्भातच आहे. पंथात माणूस जातो आणि सोडून परतही येतो. ही ओळख तशी आहे का? संस्कृतात 'तृतीयाप्रकृती' आहे, अमरकोशात सापडते. प्रकृती म्हणजे स्वभाव, घडण. किती नेमका शब्द!

विज्ञानशिक्षिका
अमरकोशातली ती ओळ पूर्ण वाचा. 'तृतीयाप्रकृतिः शण्ढः क्लीबः पण्डो नपुंसके'. शण्ढ आणि क्लीब एकाच रांगेत. कोशातून शब्द उचलला की शेजारी बसलेले शब्दही सोबत येतात. आणि पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, हे नंबर मुळात कुणी दिले?

डेऱ्याची शेजारीण
आमच्या गल्लीत हिजडा समाजातल्या एका गुरूंचा डेरा आहे, म्हणजे त्या आणि त्यांच्या चेल्या एकत्र राहतात ते घर. येणंजाणं आहे. त्या गुरूंना, म्हणजे मौसींना, विचारलं, पेपरात काय लिहिलेलं आवडेल? त्या म्हणाल्या, किन्नर. उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात किन्नर आखाडा मिरवला, तेव्हापासून त्या शब्दाला मान आला असं त्यांचं मत. त्यांची चेली शेजारीच बसली होती, कॉलेजात शिकते. तिने लगेच मान हलवली. म्हणे मी बधाईला, म्हणजे लग्न-बारशाच्या घरी नाचून पैसे घ्यायला, जात नाही, मला ट्रान्सवुमन लिहा. मौसी तिच्यावर चिडल्या. घराण्यात राहून 'हिजडा' शब्दाची लाज कसली, असं त्यांचं म्हणणं. एकाच ओट्यावर तीन शब्द. म्हणून मला वाटतं, बातमी ज्याची असेल त्याला त्या दिवशी विचारावं. फोनच तर करायचा असतो.

इतवारीकर
किन्नर तर स्वर्गातले गायक ना? किन्नर, गंधर्व. हिमाचलात किन्नौर जिल्हा आहे, तिथल्या लोकांना हा वापर कसा वाटत असेल?

कोशवेडा
किम् नरः, 'हा कसला नर' अशी फोड करतात. म्हणजे मान देणाऱ्या शब्दाच्या पोटातही प्रश्नचिन्हच.

रात्रपाळी
फोनचं पटलं. पण वृत्तसंस्थेची बातमी दुसऱ्या राज्यातली असते, रात्री अकराला फोन कुणाला करू? मला डेस्कवर चिकटवता येईल असा एक कागद हवा आहे. तमिळनाडूत तो आहे. तिथे ट्रान्स स्त्रीला 'तिरुनंगै' आणि ट्रान्स पुरुषाला 'तिरुनंबी' असे दोन वेगळे शब्द चालतात. मद्रास उच्च न्यायालयाने लावून धरलं, आणि २०२२ मध्ये सरकारने माध्यमांनी वापरायच्या शब्दांची यादीच काढली. आपल्याकडे अजून एकाच शब्दात सगळ्यांना कोंबणं चालू आहे.

वर्धेकर
तुमी सारे प्रमाणभाषेत भांडून राह्यले म्हणून हा पेच आहे. आमच्या वऱ्हाडीत 'ती' नाहीच, 'ते पोट्टी आली' म्हणतो. 'ते' बाईलेही चालते, मोठ्या मानसालेही चालते. पेपरवाल्यायनं 'ते' लिहून मोकळं व्हावं ना जी.

निळा सदरा
बोलण्यात गोड वाटतं, दादा. पण पेपरात 'ते' वाचलं की वाचक पुढचं क्रियापद बघतो. 'ते म्हणाले' असेल तर तो आदर. 'ते म्हणालं' असेल तर मला वस्तूत नेऊन बसवलं. हे दुसरं मी छापलेलं वाचलं आहे, एका मुलाखतीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तेव्हा 'ते' लिहायचंच तर 'म्हणाले' लिहा. आणि मला 'तो' जास्त आवडतं. माझ्या वयाच्या बाकीच्या पोरांना जे लिहिता तेच.

वर्धेकर
हे बरोबर बोलला भाऊ. मले हे सुचलं नव्हतं.

जुना बातमीदार
रात्रपाळीताई, कागद कराच. त्यावर शब्दांच्या आधी फोटोचा नियम लिहा. ज्याची बातमी त्याचाच फोटो, तोही विचारून. नसेल तर कोर्टाच्या इमारतीचा लावा. त्या टाळीच्या हातांचा फोटो संग्रहातून काढून टाकायला सांगा. तो आहे तोवर घाईत कुणीतरी लावणारच.

रात्रपाळी
फोटोचं उद्या बोलते. मथळ्यासाठी मग काय ठरवूया? 'ट्रान्स पुरुष'?

इतवारीकर
'हैदोस'वरून आठवलं. आमचे आजोबा सांगायचे, हा शब्द मोहरमातल्या आरोळीवरून आला, 'हाय दोस्त' की असंच काहीतरी. खरं आहे का?

कोशवेडा
जुना उच्चार 'हायदोस' होता, एवढं मात्र बरोबर. ताबुतांच्या मिरवणुकीतल्या आरोळीशी मीही तो जोडतो. म्हणजे शोकाच्या हाकेचा आपण दंगा करून टाकला. यावर वेगळा धागा काढा, लिहिण्यासारखं बरंच आहे. आणि रात्रपाळी, 'तृतीयपंथी' छापायचाच झाला तर निदान नाम म्हणून 'तृतीयपंथीय' आणि विशेषण म्हणून 'तृतीयपंथी' असा फरक तरी पाळा.

विज्ञानशिक्षिका
उलट आहे, काका. 'ईय' लागतो तो विशेषणाला. भारतीय, राष्ट्रीय.

कोशवेडा
'भारतीय' नाम नाही? 'दोन भारतीय जखमी' रोज छापतात.