पुष्पकला सी-90 काढून ओ-200 बसवताना प्रोपेलरचा पिच किती ठेवावा?

गोंदूरचा_वारा

राम राम मंडळी. एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) जुनं पुष्पक आहे, दोन माणसांचं छोटं विमान, इंजिन कॉन्टिनेन्टल सी90-8एफ. प्रोपेलर लाकडी, व्यास 72 इंच, पिच 48 (म्हणजे एका फेऱ्यात न घसरता जितके इंच पुढे सरकेल तेवढे). इंजिन ओव्हरहॉलला आलंय, म्हणून त्याजागी ओ-200-ए बसवायचा विचार आहे. ताकद वाढणार, तर पिचही वाढवून 50 किंवा 52 करावा का? की हाच प्रोपेलर ठेवावा? विमान धुळ्यात असतं. मे महिन्यात दुपारी दोन माणसं बसली की चढ फार मंद होतो. वेग नको, चढ हवा.

तापीकाठ_मेकॅनिक

पिच वाढवू नका, भाऊ. आधी दोन्ही इंजिनांचे आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्ही 201 घनइंचांचीच. सी-90 देतं मिनिटाला 2475 फेऱ्यांना 90 एचपी, ओ-200 देतं 2750 फेऱ्यांना 100 एचपी. एचपीला फेऱ्यांनी भागलं की दोन्हीकडे अगदी एकच उत्तर येतं. म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) सारखाच, साधारण 191 फूट-पाउंड. वरचे 10 एचपी आले ते निव्वळ जास्त फेऱ्यांतून.

आता तोच 72×48 ओ-200 ला लावा. सी-90 ज्या फेऱ्यांना अडायचं तिथेच हेही अडणार आणि 90 च एचपी देणार. 52 पिच लावला तर त्याहून कमी. उलट ओ-200 चा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या फेऱ्यांसाठी असल्याने खालच्या फेऱ्यांत ते सी-90 पेक्षा थोडं मऊच वाटतं. पिच वाढवायचा तो इंजिन मोठं आणि फेरे जवळपास तेच असतील तेव्हा.

प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. 2475 ला 90 एचपी खाणारा प्रोपेलर 2750 ला सुमारे 123 मागेल. व्यासाचा परिणाम तर पाचव्या घाताने होतो. विहिरीवरची मोटार ओव्हरलोड झाली की पंपाचा इंपेलर लेथवर थोडा उतरवतात, तसंच हे. 72 चे 69 इंच केले की 123 चे जवळपास 100 होतात. सेस्ना 150 वर याच इंजिनाला 69×48 दिसतो तो यामुळेच.

गोंदूरचा_वारा

मग 69×48 च मागवू का?

तापीकाठ_मेकॅनिक

नाही. सेस्ना 150 पुष्पकपेक्षा वेगवान आहे. विमान हळू असलं की पात्याला हवा जास्त कोनात भिडते आणि फेरे दबतात. म्हणून 69 व्यासाला 46 च्या वर जाऊ नका. खरं तर हळू विमानाला मोठा व्यास आणि कमी पिच हेच जास्त ओढतं, 71×44 च्या आसपास. 44 पिच 2750 फेऱ्यांना ताशी 115 मैल सरकतो (पिच गुणिले फेरे, भागिले 1056). पुष्पकला तेवढं भरपूर झालं. पूर्ण थ्रॉटलवर सपाट उडताना फेरे 2750 ला टेकतील पण ओलांडणार नाहीत, असा पिच बरोबर समजा.

मे_महिन्याची_दुपार

धुळ्याबद्दल एक गोष्ट. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आसपास, पण 43 अंशांना घनता-उंची (हवा जितक्या उंचीवरच्याइतकी विरळ वागते ती उंची) 4,400 फुटांच्या पुढे जाते. इंजिनाची ताकद साधारण आठवा हिस्सा गेलेली असते आणि टॅकोमीटरवर (फेरे दाखवणाऱ्या मीटरवर) ते कळत नाही! हवा विरळ झाली की इंजिन ढिलं पडतं, तसंच प्रोपेलरचं ओझंही कमी होतं, त्यामुळे उभ्या विमानाचे फेरे जवळपास तेवढेच दिसतात. फेरे बरोबर आले म्हणून दुपारी पूर्ण भार घेऊन निघू नका.

फेऱ्यांची चाचणी सकाळी घ्या. शेपटी बांधा, चाकांना ओट लावा, वारा बाजूने येईल असं उभं करा. समोरचा वारा फेरे फुगवतो. खाली खडी नको, पात्याची कड जाते. तेल गरम, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद. फेरे कमी आले तर लगेच प्रोपेलरला दोष देऊ नका. आधी टॅकोमीटर ऑप्टिकल मीटरशी ताडून बघा, जुन्यात 50-100 फेऱ्यांचा फरक सहज निघतो. मग थ्रॉटल पूर्ण उघडतो का, कार्ब हीटची झडप नीट बसते का, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) आणि कॉम्प्रेशन कसं आहे ते.

पाती_आणि_कोन

हबवर (प्रोपेलरच्या मधल्या भागावर) ठोकलेला पिच खरा धरू नका. वरचेवर कानस मारलेल्या धातूच्या पात्याचा कोन बदललेला असतो. 75 टक्के त्रिज्येवर प्रोट्रॅक्टरने मोजून घ्या. 69 इंच व्यासाला 48 पिच म्हणजे साधारण 16.4 अंश, 46 म्हणजे 15.8. दोन इंचांत पाऊण अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दोन्ही पात्यांत अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर इंजिन थरथरणारच. धातूचं पातं मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये ठरलेल्या मर्यादेत पिळता येतं. लाकडी येत नाही, नवंच करावं लागतं. धातूचं घेतलंत तर नाकावर वजन वाढतं, वजन-संतुलन नव्याने काढा. शेपटीचं चाक असलेल्या विमानात सपाट स्थितीत पात्याचं टोक जमिनीपासून किमान 9 इंच वर हवं.

माझं मत थोडं वेगळं आहे. सी-90 ला उड्डाण घेताना 2625 फेऱ्यांना 95 एचपीची मुभा आहेच. चढच हवा असेल तर तेच इंजिन ओव्हरहॉल करून 72×44 लावा. ओ-200 मधून वर मिळणार 5 एचपी, त्यासाठी इंजिन बदलाची डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक नियामकाची) मंजुरी, नवं माउंट तपासणं, वाढीव फेऱ्यांची उष्णता हे सगळं अंगावर घ्यायचं. पिच बदलालाही मंजूर यादी लागतेच, पण ते काम त्यामानाने लहान आहे.

गोंदूरचा_वारा

95 एचपीचं लक्षातच आलं नव्हतं. आधी आहे त्या प्रोपेलरचा कोन मोजतो, सकाळच्या चाचणीचे फेरे घेतो आणि दोन्ही आकडे इथे टाकतो. ओ-200 ची मागणी तोवर थांबवली.