‘लेट देम ईट बिंगो’: कलाकारी की उचलेगिरी?

खर्जवेडा
बीट्स इंटरनॅशनल या ब्रिटिश गटाचा १९९० चा अल्बम. मागे नॉर्मन कुक, जो पुढे फॅटबॉय स्लिम म्हणून गाजला. यातलं ‘डब बी गुड टू मी’ मार्च १९९० मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. बेस द क्लॅश या पंक बँडच्या ‘गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ गाण्याचा, शब्द आणि चाल एस.ओ.एस. बँडच्या १९८३ च्या गाण्याची, माउथ ऑर्गन संगीतकार मॉरिकोनेच्या एका वेस्टर्न सिनेमातला. या तिघांचं एकमेकांशी सात पिढ्यांत नातं नाही. त्यांना एका पंगतीत बसवायचं सुचणं, हीच माझ्या मते संगीतरचना. मतं येऊ द्या.

तिरसट
बेस त्याचा नाही, शब्द नाहीत, चाल नाही, बाजाही नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ती बेसची ओळ क्लॅशच्या पॉल सायमननची. त्याच्याशी पैशांची बोलणी झाली ती गाणं गाजल्यावर. आपटलं असतं तर त्याला कुणी विचारलं असतं का?

खर्जवेडा
आणि सायमननकडे ती आली कुठून? दक्षिण लंडनमध्ये जमैकन रेकॉर्डी ऐकत वाढलेला माणूस तो. जमैकात एकाच रिदमवर, म्हणजे बेस-ड्रमच्या तयार साच्यावर, डझनभर गायक गातात. १९८५ च्या ‘स्लेंग टेंग’ गाण्याचा रिदम तर कॅसिओच्या कीबोर्डात तयारच होता, त्यावर किती गाणी झाली याला गणती नाही.

प्रतिध्वनी
दोघंही ‘डब’ शब्द फुकट वाटताय. किंग टबी जमैकात, किंग्स्टनमध्ये रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याने मिक्सिंगचं यंत्रच वाद्य केलं: गायकाचा आवाज काढून टाकायचा, मध्येच एखादा शब्द इकोत सोडायचा, ड्रम गायब, नुसता बेस. डब म्हणजे काढून घेणं. कुकने भर घातली आहे, आणि लिंडी लेटन जवळजवळ गाणंभर गाते आहे. हे जाड बेसचं पॉप.
पण चांगलं पॉप, हेही सांगतो. मूळ गाण्यात मेरी डेव्हिस जीव तोडून विनवते. लेटन तेच शब्द सपाट, जवळजवळ कंटाळून म्हणते, आणि खाली तो दमदाटीचा बेस. विनवणीची तंबी होते. हे नुसत्या चोप्य-पस्तेने होत नाही.

नांदीवाला
संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल: अमुक’ छापलेलं असे. चाली उसन्याच, पण कुणाच्या ते प्रेक्षकाला कळायचं. तिरसट यांना +१.

खर्जवेडा
नांदीवाले, त्या चालकर्त्याला मानधन मिळायचं का? :)

तिरसट
विषय फिरवू नका. तुमच्या त्या जमैकन रिदमचे वादकही बहुतेक एकरकमी पैशांवर वाजवायचे. पुढे रेकॉर्ड कितीही खपो, त्यांना काय? तिथे चालत होतं म्हणून लंडनमध्ये चालवून घ्यायचं?

अडगळीतला
धागा अल्बमचा, भांडण एका गाण्याचं. ‘वोन्ट टॉक अबाउट इट’ कुणी ऐकलंय? ते ब्रिटिश गायक बिली ब्रॅगचं. १९८९ च्या पहिल्या आवृत्तीत तो स्वतः गायला होता, कुकच्याच सोबत. अल्बमवर तेच दुसऱ्या आवाजात आहे. मूळ मालक हजर असताना तरी चोरी म्हणू नका. मला ते ‘डब बी गुड’पेक्षा जास्त आवडतं, आता यावर भांडा.