खुब्याच्या इम्प्लांटभोवतीचा डेक्सा: झोन ७ मधली घट आणि 'वाढ' कितपत खरी?

कॅलकार७

सिमेंट न वापरता बसवलेला टायटॅनियमचा स्टेम (मांडीच्या हाडात शिरणारा इम्प्लांटचा दांडा), फक्त वरच्या भागाला सच्छिद्र लेप. ३० रुग्ण, सगळ्यांचा एकच खुबा बदललेला. डेक्साचा (एक्स-रेने हाडातले खनिज मोजणारी तपासणी) पहिला स्कॅन शस्त्रक्रियेनंतर १० दिवसांच्या आत, नंतरचे ६ आणि १२ महिन्यांना. मशीन तेच, सॉफ्टवेअरची आवृत्तीही तीच.

स्टेमभोवतीच्या हाडाचे सात झोन धरतात: १ वर बाहेरच्या बाजूला, ४ टोकाशी, ७ वर आतल्या बाजूला, म्हणजे कॅलकारपाशी. झोन ७ ची सरासरी घनता ६ महिन्यांना ९ टक्क्यांनी उतरली आणि १२ महिन्यांना तिथून ६ टक्के चढली. झोन ४ जवळपास जागच्या जागी. दोन रुग्णांत झोन १ सरळ १५ टक्क्यांहून जास्त वाढलेला. कॅलकारचे हाड उतरणे समजते, पण सहा महिन्यांत एवढे भरून येईल हे पटत नाही. चूक कुठे शोधावी? याच रुग्णांपैकी काहींचे सीटी दुसऱ्या कारणाने झालेले आहेत, ते घनतेसाठी वापरता येतील का?

मोजपट्टी

आधी तुमच्या मशीनची, तुमच्या टेक्निशियनची, झोनवार अचूकता काढली आहे का? १५ जणांचे तीन-तीन किंवा ३० जणांचे दोन-दोन स्कॅन, आणि प्रत्येक वेळी रुग्णाला टेबलावरून खाली उतरवून पुन्हा झोपवायचे. न हलवता लागोपाठ घेतलेले दोन स्कॅन म्हणजे फक्त मशीनची परीक्षा. उतरवून घेतलेल्या स्कॅनमधून निघालेल्या त्रुटीच्या टक्केवारीला २.७७ ने गुणा. झोन ७ ची त्रुटी ३ टक्के आली, तर एका रुग्णात ८.३ टक्क्यांपेक्षा कमी बदलाला बदल म्हणता येत नाही. झोन ४ मध्ये हाड जाड, कडा स्वच्छ. तिथे त्रुटी १.५ टक्के निघाली तर हीच मर्यादा ४.२ वर येते. पुस्तकातला आकडा उसना घेऊ नका.

पण ही मर्यादा एकेका रुग्णासाठी. ३० जणांच्या सरासरीत निव्वळ मापनाचा गोंधळ ३ × √२ ÷ √३०, म्हणजे ०.८ टक्क्याच्या आसपास उरतो. तेव्हा ६ टक्क्यांची चढ योगायोगाने आलेली नाही. एकतर ती खरी आहे, नाहीतर सगळ्यांची किंवा बऱ्याच जणांची चूक एकाच दिशेने झाली आहे. असल्या चुका सरासरी काढून जात नाहीत, उलट ठसठशीत होतात.

पहिला संशय पायाच्या वळणावर. नेहमीच्या खुब्याच्या स्कॅनला पाय १५ ते २५ अंश आत वळवतात. इथे पाय सरळ, गुडघ्याची वाटी छताकडे, पाऊल आधाराला पट्टीने बांधलेले असावे. पाय बाहेर वळला की लेसर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा छोटा उंचवटा) आतल्या कडेला डोकावतो आणि त्याचे हाड झोन ६-७ च्या हिशेबात मिसळते. शिवाय स्टेम तिरका दिसल्याने त्याच्यामागे झाकलेले हाडही बदलते.

तपासायची सोपी युक्ती आहे. सॉफ्टवेअर धातू म्हणून जो भाग वगळते त्याचे क्षेत्रफळ प्रत्येक भेटीचे काढून शेजारी-शेजारी मांडा. हाड वाढेल, घटेल. टायटॅनियम वाढत नाही. एकाच रुग्णात ते क्षेत्रफळ हलले असेल, तर पाय वळला आहे किंवा धातूची कड चुकीची आखली गेली आहे. इम्प्लांटच्या मानेची दिसणारी लांबीही पाहा. पाय बाहेर वळला की मान आखूड दिसते.

क्षकिरण_कट्टा

मोजपट्टींशी सहमत. विश्लेषणातल्या खोड्या त्यात घालतो.

झोनची चौकट प्रत्येक स्कॅनवर नव्याने आखू नका. पहिल्या स्कॅनची चौकट उचलून पुढच्यांवर बसवा, आधार स्टेमच्या टोकाचा आणि खांद्याचा (वरच्या बाहेरच्या कोपऱ्याचा) घ्या. झोन ६ आणि ७ मधली रेघ थोडी खाली सरकली तरी झोन ७ मध्ये खालचे घट्ट कॉर्टिकल (बाहेरच्या कवचाचे) हाड येते आणि आकडा वाढतो.

घनतेबरोबर ग्रॅममधला खनिजांश आणि क्षेत्रफळ, दोन्ही छापा. मानेच्या कापाजवळ कॅलकार झिजून गोलसर होतो तेव्हा सॉफ्टवेअर तो रिकामा कोपरा हाडाबाहेर टाकते. खनिजांश घटतो, क्षेत्रफळही घटते आणि भागाकार होता तिथेच राहतो. हाड गेलेले असते, घनतेला पत्ता नसतो. आपण मोजतो ती ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, खऱ्या अर्थाने घनता नव्हेच.

झोन १ च्या त्या दोन रुग्णांचे साधे एक्स-रे काढून बघा. ग्रेटर ट्रोकँटरच्या (बाहेरच्या बाजूच्या मोठ्या उंचवट्याच्या) वर स्नायूत जमलेले नवे हाड, म्हणजे हेटरोटोपिक ऑसिफिकेशन, डेक्साला हाडच वाटते. ब्रूकरची १९७३ ची प्रतवारी लावा आणि चौकटीत ते येत असेल तर दोघांचाही झोन १ गाळा. ट्रोकँटरला तार बांधलेली असेल तर सॉफ्टवेअरने धातू म्हणून वगळलेल्या भागातून ती सुटली आहे का तेही पाहा.

तुमच्याकडे सिमेंट नाही हे बरे. सिमेंटमधले बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड हाडाच्या हिशेबात जाते आणि आकडे फुगतात.

कॅलकार७

धातूचे क्षेत्रफळ काढले. ६ महिन्यांच्या ३० पैकी ११ स्कॅनमध्ये ते कमी, मान आखूड आणि लेसर ट्रोकँटर ठळक. त्या स्कॅनना पावलाचा आधार लावलाच नव्हता. ते ११ रुग्ण बाजूला ठेवले तर ६ महिन्यांची घट ९ ऐवजी ६ टक्के आणि नंतरची चढ ६ ऐवजी २. झोन १ च्या दोघांपैकी एकात एक्स-रेवर नवे हाड स्पष्ट दिसते. आता हे ११ स्कॅन गणिताने दुरुस्त करता येतील का?

मोजपट्टी

नाही. वळणाचा परिणाम स्टेमच्या आकारावर आणि तो मांडीच्या हाडात किती पुढे वळवून बसवला त्यावर अवलंबून असतो. प्रत्येक रुग्णात निराळा, कधी दिशाही उलटी. त्या भेटीची नोंद 'गहाळ' धरा, रुग्ण मात्र ठेवा. मिश्र प्रतिमान (काही भेटी गहाळ असल्या तरी चालणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरलेत तर उरलेल्या भेटींचा उपयोग होतो. निकाल दोन्ही तऱ्हेने द्या, ११ धरून आणि वगळून. गाळण्याचा निकष धातूचे क्षेत्रफळ हाच ठेवा आणि तो झोन ७ चे आकडे न दाखवता दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या. नाहीतर परीक्षक विचारेल की नको ते आकडे काढून टाकले काय, आणि त्याचे चुकणार नाही.

व्होक्सेल

सीटीबद्दल. आधीच झालेले स्कॅन घनतेसाठी जवळजवळ निरुपयोगी. धातूमुळे किरणातला कमी ऊर्जेचा भाग शोषला जातो, काही दिशांनी फोटॉन पोहोचतच नाहीत, आणि स्टेमभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात. धातूचे पट्टे घालवणारी सॉफ्टवेअर चित्र सुधारतात, पण खराब मोजमापांच्या जागी अंदाज भरून. तुम्हाला हवे असलेले हाड नेमके धातूला चिकटून असते आणि तिथलेच हाउन्सफील्ड आकडे (सीटीचे घनतेचे माप) सर्वांत कमी भरवशाचे. दुहेरी ऊर्जेच्या सीटीत १०५ ते १५० केईव्हीची चित्रे पट्टे कमी करतात, मात्र त्या ऊर्जेला कॅल्शियमचा उठावही घटतो. त्यामुळे १२० केव्हीच्या नेहमीच्या आकड्यांशी तुलना होत नाही. पुढे ठरवून करणार असाल तर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) फँटम, म्हणजे ठाऊक घनतेचा नमुना, रुग्णाखाली प्रत्येक वेळी ठेवा, आणि दुरुस्तीआधीची मालिकाही जपून ठेवा.

सीटीचे खरे काम वेगळे. पॉलिथिलीनच्या झिजेच्या कणांमुळे हाड पोखरले गेले, तर स्टेमच्या पुढची-मागची पोकळी डेक्साला दिसत नाही आणि एक्स-रे ती कमी दाखवतो. तिचे घनफळ सीटीवर मोजता येते.

सांधेजोड

शस्त्रक्रियेच्या बाजूने थोडे. पहिल्या काही महिन्यांतली घट बऱ्याच झोनमध्ये दिसते, कारण हाड कोरलेले असते आणि पायावर भार कमी पडतो. पुढे खालचे झोन सावरतात, कॅलकार मागे राहतो. टायटॅनियम मिश्रधातूची ताठरता ११० गिगापास्कलच्या आसपास, कॉर्टिकल हाडाची १५ ते २०. भार स्टेममधून खाली उतरतो आणि वरचे हाड बेकार बसते. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून जाड स्टेमच्या रुग्णांत जास्त घट अपेक्षित धरा. स्टेमचा आकार विश्लेषणात घातला नसेल तर घाला. झोलेड्रोनेट, डेनोसुमॅब ही हाडाची झीज रोखणारी औषधे कुणाला चालू होते तेही.

झोन ७ उतरला म्हणजे स्टेम सैल झाला असे अहवालात लिहू नका. सैलपणासाठी एक्स-रेवर वाढत जाणारी काळी रेघ आणि खाली सरकणारा स्टेम शोधायचा. आणि मशीनने इम्प्लांटच्या बाजूचा टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) छापला असेल तर तो कागदावरून काढाच. निरोगी खुब्याच्या आकड्यांशी केलेली ती तुलना निरर्थक आहे. ऑस्टिओपोरोसिसचे निदान दुसरा खुबा आणि कमरेचे मणके यांवरून करा. दोन्ही खुबे बदललेले असतील तर मणके आणि हाताच्या रेडियस हाडाचा मनगटाकडून एक-तृतीयांश अंतरावरचा भाग.