गोल्फमधील चार मेजर स्पर्धा कोणी ठरवल्या, आणि त्यांच्या मोजणीवरून विजेत्यांची तुलना करावी का?

अनिकेत_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. 13 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे रोरी मॅकिलरॉयने जस्टिन रोझला प्लेऑफच्या (बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळाच्या) पहिल्याच होलवर हरवून मास्टर्स जिंकली आणि चारही मेजर स्पर्धा जिंकणारा तो सहावा पुरुष खेळाडू ठरला. तेव्हापासून मी व्यावसायिक गोल्फ लक्ष देऊन पाहू लागलो आहे. त्याच्या आधीची पाच नावे सगळीकडे एकाच क्रमाने दिलेली आढळतात : जीन सॅराझेन, बेन होगन, गॅरी प्लेअर, जॅक निकलस आणि टायगर वुड्स.

वाचत असताना दोन शंका मनात आल्या. मास्टर्स ही स्पर्धा ऑगस्टा नॅशनल हा एक खासगी क्लब भरवतो. यूएस ओपनचे आयोजन अमेरिकेची गोल्फ संघटना करते. पीजीए चॅम्पियनशिप तिथल्या व्यावसायिकांची संघटना घेते. आणि ब्रिटनमधील द ओपनची जबाबदारी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेकडे आहे. आयोजक जर चार निरनिराळे आहेत, तर याच चार स्पर्धांना सर्वोच्च मानायचे हे कोणी आणि केव्हा ठरवले? दुसरी शंका अशी की निकलसची 18, वुड्सची 15, वॉल्टर हेगनची 11 आणि बॉबी जोन्सची 7 अशी मेजर जेतेपदे एकाखाली एक मांडून तुलना केली जाते, ती कितपत योग्य आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दिगंबर_कुलकर्णी_सांगली

अनिकेत, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की, हे कोणत्याही बैठकीत ठरलेले नाही. पुरुषांच्या गोल्फमध्ये या चार स्पर्धांना हा दर्जा खेळाडू, वृत्तपत्रे आणि प्रेक्षक यांनी मिळून हळूहळू दिला, आणि जो संच आज अढळ वाटतो तो साधारण 1960 नंतर स्थिरावला.

या चारांत सर्वांत जुनी द ओपन. 17 ऑक्टोबर 1860 रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिक खेळाडू जमले, 12 होलच्या मैदानावर एकाच दिवसात तीन फेऱ्या खेळले, आणि विली पार्क 174 फटक्यांत विजयी ठरला. बक्षीस म्हणून चामड्याचा पट्टा होता. जो सलग तीनदा जिंकेल त्याने तो कायमचा ठेवावा, असा नियम होता. यंग टॉम मॉरिसने 1868 ते 1870 अशी तीन वर्षे जिंकून तो पट्टा घरी नेला, आणि त्यामुळे 1871 मध्ये स्पर्धाच झाली नाही! पुढच्या वर्षी तीन क्लबांनी एकत्र येऊन नव्या चषकाची व्यवस्था केली, तोच आजचा क्लॅरेट जग. यूएस ओपन 1895 मध्ये आणि पीजीए चॅम्पियनशिप 1916 मध्ये सुरू झाली.

मात्र 1930 साली बॉबी जोन्सने ज्या चार स्पर्धा एका वर्षात जिंकल्या आणि ज्यांना तेव्हा ग्रँड स्लॅम म्हटले गेले, त्या या चार नव्हत्या. त्या होत्या ब्रिटनची खुली आणि हौशी अशा दोन, आणि अमेरिकेची खुली आणि हौशी अशा दोन. जोन्स हा व्यवसायाने वकील आणि शेवटपर्यंत हौशी खेळाडू. पीजीए चॅम्पियनशिप व्यावसायिकांसाठीच असल्यामुळे तिचे दार त्याला बंद होते, आणि मास्टर्स तर अस्तित्वातच नव्हती. वयाच्या 28 व्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्त होऊन त्याने क्लिफर्ड रॉबर्ट्स याच्यासोबत ऑगस्टा नॅशनल उभारले, आणि 1934 मध्ये तिथे निमंत्रितांची जी स्पर्धा सुरू झाली, तीच पुढे मास्टर्स म्हणून प्रतिष्ठा पावली. ही प्रतिष्ठा तिला जोन्सच्या नावामुळे मिळाली, तशीच वेळेमुळेही मिळाली, कारण फ्लोरिडातील बेसबॉलच्या सराव शिबिरांहून उत्तरेकडे परतणारे क्रीडापत्रकार वाटेत ऑगस्टाला थांबत आणि तिथून भरभरून लिहीत.

सॅराझेनने 1935 मध्ये शेवटच्या फेरीत 15 व्या होलवर दुसऱ्याच फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला, बरोबरी साधली आणि क्रेग वुडला प्लेऑफमध्ये हरवून मास्टर्स जिंकली. आपण चौथी मेजर जिंकून एक साखळी पूर्ण केली, हे त्याला त्या दिवशी कळणे शक्यच नव्हते, कारण तशी साखळी तेव्हा कोणाच्याच कल्पनेत नव्हती. त्याच्या पराक्रमाला कारकिर्दीतील ग्रँड स्लॅम हे नाव पुष्कळ नंतर चिकटले.

सर्वांत बोलके उदाहरण बेन होगनचे आहे. फेब्रुवारी 1949 मध्ये त्याच्या मोटारीची एका बसशी टक्कर होऊन तो मरणाच्या दारातून परतला, आणि त्यानंतर त्याचे पाय आयुष्यभर दुखत राहिले. 1953 मध्ये त्याने मास्टर्स, ओकमाँट येथील यूएस ओपन आणि कार्नूस्टी येथील द ओपन अशा तिन्ही जिंकल्या. पीजीएमध्ये तो उतरला नाही, कारण ती 7 जुलैपर्यंत मिशिगनमध्ये चालू होती आणि द ओपनची पात्रता फेरी 6 आणि 7 जुलैला स्कॉटलंडमध्ये होती. तेव्हा मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूलाही पात्रता फेरी चुकत नसे. शिवाय पीजीए तेव्हा मॅच प्ले पद्धतीने, म्हणजे एकास एक अशा सामन्यांनी खेळली जाई, आणि दिवसाला 36 होल चालणे होगनच्या पायांना झेपणारे नव्हते. एका वर्षात चारही जिंकणे हे जर सर्वमान्य शिखर असते, तर दोन आयोजकांनी तारखा एकमेकींवर येऊ दिल्या असत्या का?

शिखराची ही कल्पना आणली ती अर्नोल्ड पामरने. 1960 मध्ये त्याने मास्टर्स जिंकली, मग चेरी हिल्स येथे शेवटच्या फेरीआधी सात फटके मागे असताना 65 फटक्यांची फेरी खेळून यूएस ओपन जिंकली, आणि द ओपनसाठी सेंट अँड्र्यूजला निघाला. विमानप्रवासात पत्रकार बॉब ड्रम याच्याशी बोलताना त्याने व्यावसायिकांसाठी नवा ग्रँड स्लॅम मांडला : या दोन, द ओपन आणि पीजीए. ड्रमने ती कल्पना उचलून धरली आणि इतरांनी ती स्वीकारली. पामर सेंट अँड्र्यूजला केल नेगलकडून एका फटक्याने हरला, पण पुढच्या दोन्ही वर्षी द ओपन जिंकून त्याने अमेरिकी खेळाडूंना पुन्हा अटलांटिक ओलांडायला लावले. स्वतः पामरला पीजीए कधीच जिंकता आली नाही. तो तीनदा उपविजेता राहिला.

समीर_डोंबिवली

दिगंबरकाकांनी इतिहास फार नेमका मांडला आहे. तुलनेच्या प्रश्नावर मी थोडे लिहितो. आकडे कोणत्या नियमाने मोजले, हे न सांगता मांडलेली कोणतीही यादी अपुरी असते, आणि गोल्फमध्ये हा नियम डोळ्यांदेखत बदललेला आहे. निकलस खेळत होता त्या काळात अमेरिकेची आणि ब्रिटनची हौशी स्पर्धाही मेजरमध्ये धरली जाई. त्या हिशेबाने जोन्सची 13 जेतेपदे होती, आणि 1973 च्या पीजीएत निकलस जिंकला तेव्हा त्याची दोन हौशी जेतेपदे मिळवून 14 झाली आणि जोन्सचा विक्रम मोडला, असे जाहीर झाले. नंतर हौशी स्पर्धा वगळल्या गेल्या. जोन्स 13 वरून 7 वर आला आणि निकलस 20 ऐवजी 18 वर राहिला. वुड्सने 1994 ते 1996 अशी सलग तीन वर्षे अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली होती, म्हणजे जुन्या मोजणीने तोही 18 वर असता.

हेगनचेही तसेच. त्याच्या उमेदीच्या काळात वेस्टर्न ओपनला अमेरिकेत मोठा मान होता आणि ती त्याने पाच वेळा जिंकली. आज तिची गणती होत नाही, आणि मास्टर्स सुरू झाली तेव्हा हेगन चाळिशी ओलांडून गेला होता. हॅरी वार्डनने द ओपन सहा वेळा जिंकली, जो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अमेरिकेला तो खेळायला गेला तेव्हा यूएस ओपनमध्ये 1900 साली पहिला, 1913 साली दुसरा आणि 1920 साली पन्नाशीतही दुसऱ्या क्रमांकावर होता. आजच्यासारखी वर्षाला चार संधींची सोय असती, तर त्याचा आकडा कुठे गेला असता?

तरीही संख्या निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. 1960 नंतरच्या खेळाडूंनी याच चार आठवड्यांसाठी स्वतःला घडवले. निकलसने आपले वर्षाचे वेळापत्रक या स्पर्धांभोवती आखले. 18 विजयांबरोबरच तो 19 वेळा उपविजेता होता, आणि 1986 मध्ये वयाच्या 46 व्या वर्षी शेवटचे नऊ होल 30 फटक्यांत पूर्ण करून त्याने सहावी मास्टर्स जिंकली. दुसरीकडे वुड्सने 2000 ची यूएस ओपन पेबल बीचवर 15 फटक्यांच्या फरकाने जिंकली, त्या वर्षीची द ओपन आणि पीजीएही जिंकली, आणि एप्रिल 2001 मध्ये मास्टर्स जिंकल्यावर चारही चषक एकाच वेळी त्याच्याकडे होते. माझे मत विचाराल तर सर्वोच्च उंची वुड्सची आणि सर्वाधिक काळ टिकलेली गुणवत्ता निकलसची, आणि 18 व 15 या आकड्यांतून हे दोन्ही दिसत नाही.

विभावरी_पुणे

चर्चा आतापर्यंत फक्त पुरुषांच्या खेळाभोवती फिरली आहे, म्हणून काही भर घालते. अनिकेत, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर महिलांच्या गोल्फमध्ये अगदी उलटे आहे. तिथे मेजर कोणत्या हे एलपीजीए ही महिला व्यावसायिकांची संघटना अधिकृतपणे ठरवते, आणि ती यादी वारंवार बदललेली आहे. पॅटी बर्गच्या नावावर सर्वाधिक, म्हणजे 15 मेजर आहेत. पण त्यांपैकी सात टायटलहोल्डर्स आणि सात महिलांच्या वेस्टर्न ओपन या स्पर्धांत मिळालेल्या आहेत, आणि या दोन्ही स्पर्धा आज होतच नाहीत. कॅनडातील द्यू मोरिए स्पर्धा 1979 ते 2000 मेजर होती. 2001 पासून तिची जागा ब्रिटिश खुल्या महिला स्पर्धेने घेतली, आणि 2013 मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ ही पाचवी मेजर झाली. कॅरी वेबने द्यू मोरिएही जिंकली आणि तिच्या जागी आलेली स्पर्धाही जिंकली, त्यामुळे तिने पाच वेगवेगळ्या मेजर जिंकल्या. याउलट दक्षिण कोरियाच्या इनबी पार्कने एव्हियाँ 2012 मध्ये जिंकली, म्हणजे दर्जा मिळण्याच्या केवळ एक वर्ष आधी, आणि तो विजय मेजरमध्ये धरला जात नाही.

समीर, तुमच्या मोजणीच्या मुद्द्याला मी आणखी एक बाजू जोडते. मैदानात कोणाला उतरू दिले जात होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेच्या घटनेत 1934 ते 1961 या काळात सदस्यत्व केवळ गौरवर्णीयांसाठी राखून ठेवणारे कलम होते. चार्ली सिफर्डसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूची उमेदीची वर्षे त्यात गेली. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर हा 1975 मध्ये खेळला, आणि ऑगस्टा नॅशनलने महिलांना सदस्यत्व दिले ते 2012 मध्ये. त्या काळातील विजेत्यांचे कर्तृत्व यामुळे कमी होत नाही, परंतु ‘सर्वांना हरवले’ असे लिहिताना आपण जपून लिहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

अनिकेत_नाशिक

दिगंबरकाका, समीर आणि विभावरीताई, आपण तिघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. आता एकच विचारतो. चारपैकी तीन मेजर अमेरिकेतच होतात. मग अमेरिकेबाहेरच्या, विशेषतः आपल्याकडच्या खेळाडूंचे मोल कसे करायचे?

दिगंबर_कुलकर्णी_सांगली

हा प्रश्न पीटर थॉमसनच्या संदर्भात मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. या ऑस्ट्रेलियन खेळाडूने 1954 ते 1956 सलग तीनदा, मग 1958 मध्ये द ओपन जिंकली. अमेरिकेचे मोठे खेळाडू तेव्हा फारसे येत नसत म्हणून ही जेतेपदे काही जण कमी लेखत. सॅम स्नीडनेही 1946 ची द ओपन जिंकून पुढच्या वर्षी ती राखायला येण्याचे टाळले होते, कारण बक्षिसातून प्रवासखर्चही निघत नसे. थॉमसनने 1965 मध्ये रॉयल बर्कडेलवर पाचव्यांदा विजय मिळवला तेव्हा पामर, निकलस आणि आदल्या वर्षीचा विजेता टोनी लीमा हे तिघेही मैदानात होते. आक्षेपाला याहून पूर्ण उत्तर असू शकत नाही.

या थॉमसनचे आपल्यावर ऋण आहे. 1964 मध्ये इंडियन ओपन सुरू होण्यात त्याचा पुढाकार होता, आणि दिल्ली गोल्फ क्लबवर झालेली ती पहिली स्पर्धा त्यानेच जिंकली. याच स्पर्धेचे जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय अली शेर, 1991 मध्ये. पुढे जीव मिल्खा सिंग 2007 मध्ये मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय ठरला आणि 2008 च्या पीजीएत संयुक्त नवव्या स्थानी आला. 2015 च्या पीजीएत अनिर्बन लाहिरी संयुक्त पाचवा होता, आणि 2023 च्या द ओपनमध्ये शुभंकर शर्मा संयुक्त आठवा. विभावरीताईंच्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या फेरीपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहून चौथी आली. जेतेपदांच्या यादीत यांतले एकही नाव नाही. म्हणून यांचे मोल करताना मेजरच्या आठवड्यात ते कोणत्या स्थानी राहिले आणि त्यांच्यासमोर कोण खेळत होते, हे पाहावे. 2015 मध्ये लाहिरी ज्या गुणफलकावर पाचवा होता, त्याच्या शिरोभागी जेसन डे आणि जॉर्डन स्पीथ होते.