मदत हवी आहे: स्लरीच्या टाकीत खाली साका, वर थर, उपसायची कशी?

मोहोळ तालुक्यात आमचा गोठा आहे, १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई. शेण, मूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी मिळून रोज साधारण ८०० लिटर स्लरी होते. टाकी सिमेंटची, १० बाय १० फूट, ६ फूट खोल. म्हणजे १७ हजार लिटर. तीन आठवड्यांत भरते.

वर वैरणीच्या काड्यांचा वीतभर थर धरतो, खाली घट्ट साका बसतो. मडपंप मधलं पातळ तेवढं ओढतो, मग इंपेलरला (पंपाच्या आतल्या फिरत्या चाकाला) कडब्याची सालपटं गुंडाळून बंद पडतो. कडबा कुट्टी करूनच घालतो, तरी हे होतं. बांबूने ढवळून झालं, टाकीच्या तोंडाशी जाळी लावून झाली. पाणी वाढवलं तर टाकी लवकर भरते, साका आहे तिथेच.

आत उतरून साफ करा, हा सल्ला कृपया नको. साका हलला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. गड्याला मी उतरवणार नाही.

स्लरी उसाला पाटपाण्यातून देतो. पण परतीच्या पावसात काळ्या रानाला वाफसा नसतो, तेव्हा साठवावीच लागते. विहीर उताराला असल्याने जास्तीच्या स्लरीसाठी कच्चा खड्डा नको. ट्रॅक्टर नाही, थ्री फेज लाईट आठच तास.

एवढ्या टाकीला कुणी मोटरवरचा ढवळणारा पंखा बसवलाय का? किती एचपीचा, पाती तळापासून किती वर, आणि रोज चालवता की फक्त उपसण्याआधी?